पाय देख!

"पाय! ओ बूटवाला, पाय काढ! काढस का नही? नही तं पायसकट तुलेच काढस मी!"

शहाद्याच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात ही आरोळी उठली आणि कडुनिंबावरचे सगळे कावळे एकदम उडाले. एक उडायचं विसरला, तो सरळ खाली पडला. जिनाचं इंजिनही त्या आवाजाने बंद पडलं असं मी आजवर सांगत आलो; पण काही किरकोळ मनाची माणसं म्हणतात की ते त्या दिवशी सुरूच नव्हतं. असेल. मंदीचे दिवस होते. कापूस घेणारा कोणी नव्हता, तर इंजिन काय वाऱ्यावर चालणार?

ज्याच्यासाठी आरोळी होती तो खरेदीवाला आप्पाच्या कापसाच्या ढिगावर बूट घालून चढला होता. त्या लोकांची रीतच ती. ढिगावर चढायचं, बूट रोवून आतला मूठभर कापूस उपसायचा, फुंकर मारायची, नाक मुरडायचं आणि मूठ झटकायची. भाव पडल्यापासून तर ते उकिरड्यावर चढल्यासारखे चढत. त्याने वरूनच "कोण ओरडतो रे?" म्हणायला तोंड उघडलं. ते मिटायच्या आत आप्पाने त्याच्या कमरेला मिठी घातली, उलटा केला आणि त्याच ढिगात डोक्याकडून पेरला. वर फक्त बूट दिसत होते. मग आप्पाने बूटही काढले. एक जिनाच्या पत्र्यावर गेला. दुसरा गावाबाहेर कांदे विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीत पडला, हे खुद्द तिनेच मला सांगितलं.

खरेदीवाल्याचे हमाल गाठी ओढायचे आकडे घेऊन धावले. आप्पाने गाडीचा खुंटा उपसला. पुढचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो की दोन हमालांचे दात कापसात सापडले आणि एकाचा आकडा आप्पाच्या खांद्यात अडकून राहिला. तो तसाच ठेवून आप्पा गाडी हाकत आमच्या गावी, कळसाडीला, परतला. वाटेत मला म्हणाला, "भो, खाजई ऱ्हायनं. जरा काढ बरं हाई."

ही झाली ओळख. नाव सांगत नाही. त्याचे नातू शिवारात आहेत आणि हात त्यांना आजोबांचाच मिळाला आहे. आम्ही सगळे त्याला आप्पा म्हणत असू, तुम्हीही म्हणा.

माझं शेत त्याच्या शेताला लागून. मध्ये एक बांध. एवढ्या शेजारावर माझा एक कान गेला. पहिल्याच वर्षी मी घाईत त्याच्या शेतातून आडवा निघालो आणि कपाशीच्या एका रोपावर माझा पाय पडला. "पाय देख!" हे शब्द आणि थप्पड बरोबरच आले. त्या कानाला अजून बाहेरचं काही ऐकू येत नाही. आत मात्र सातपुड्यातला वारा बारा महिने वाहतो. दिवस मावळायच्या आत आप्पा हळद-तेलाची वाटी घेऊन माझ्या ओट्यावर हजर. "सरक भो. चोळी देस."

मारायचं आणि मग चोळायला जायचं, हा त्याचा नेम. साल्याला मारलं, चोळलं. मांडवाशेजारच्या रोपावर पाय पडला म्हणून जावयाला भर मांडवात मारलं, मांडवातच चोळलं. त्या खरेदीवाल्याच्या खोलीवरही तो दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन गेला. खरेदीवाला त्याला पाहून कपाटावर चढला. आप्पाने त्याला हळूच उतरवून मान अशी चोळली, की त्याला बसल्या जागी झोप लागली. कापूस मात्र त्याने घेतला नाही.

आता बैलांचं सांगतो, कारण पुढचं सगळं बैलांमुळे झालं.

कपाशीत कोळपं चालतं तेव्हा बैलाने दोन ओळींच्या मधूनच चाललं पाहिजे. रोपावर खूर पडला की रोप गेलं. सगळे शेतकरी बैलाला हे शिकवतात. कासरा ओढतात, शिव्या देतात. आप्पा नडगीवर मारायचा. खूर रोपावर पडला रे पडला, की बैल हाकायच्या पराणीची उलटी बाजू थेट त्या पायाच्या नडगीवर, आणि वर "पाय देख!" एक रोप, एक फटका. चुकला पाय, तोच पाय. सूर्य कलला की गरम पाणी, हळद, तेल, आणि त्याच नडग्या मांडीवर घेऊन चोळत बसायचा. चांद्या आणि हौश्या ही त्याची जोडी अशी तयार झाली होती, की "पाय" हा शब्द ऐकताच रस्त्यातही पाऊल उचलून आधी खाली पाहायची. नुसती नडगीला काठी लागली, तर सर्कशीतल्या घोड्यासारखा पाय उचलून रिकामी जागा शोधायची.

एकदा सातपुड्यातून बिबट्या उतरला. सकाळी आम्ही ठसे पाहत गेलो. माझ्या शेतात त्याने नुसता धुडगूस घातला होता. आप्पाच्या शेतात तेच ठसे दोन ओळींच्या मधोमध, एकामागे एक, शेवटच्या बांधापर्यंत. विश्वास ठेवू नका. पण ते पाहून आमचा आदिवासी पावरा सालदार आप्पाच्या बांधावर नारळ ठेवून आला, एवढं खरं.

आप्पाच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. ती त्याच्या खांद्याइतकी. पेरणी तीच करायची, ओटीतून सरकी घेऊन पाभरीमागे चालत. बोलणं मोजकं. आप्पा दिवसभर बोलायचा, ती वर्षभरात जेवढं बोलायची तेवढं आपण शिंकतो. गावात एकटीच अशी होती जिच्यावर आप्पाचा हात कधी उठला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "तिना पाय चुकत नही."

तर मंदी. भाव असा पडला, की कापूस जिनात नेण्यापेक्षा घरात ठेवणं परवडायचं. घरं भरली. आप्पाच्या घरात छतापर्यंत कापूस आणि अंगणात संसार. चूल अंगणात, खाटा अंगणात. पाहुणे आले की म्हणायचे, घरात कोण आहे? तर कापूस. त्या दोन वर्षांत आमच्या भागात जेवढी डोकी फुटली तेवढी पेंढाऱ्यांच्या वेळेलाही फुटली नसतील. माणूस खरेदीवाल्याला मारू शकत नव्हता (आप्पा सोडून), तर भावाला मारायचा, शेजाऱ्याला मारायचा. बांधावरून, पाण्यावरून, कोंबडीवरून. भाव पडला की हात उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका डोळ्याने, कारण दुसरा तेव्हा सुजलेला होता.

अशात पावसाळ्यात एका बाजारच्या दिवशी आम्ही जिनाच्या दाराशी बसलो होतो. जिन बंद होतं, पण त्याचा फिटर यंत्राला तेलपाणी करायला राहिलेला. हा मुंबईकडचा माणूस, आठवडा उशिरा आलेला पेपर आम्हाला वाचून दाखवायचा. त्या दिवशी तो वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "हे ऐका. अमेरिकेत नवा अध्यक्ष आलाय. तिथेही मंदी, आपल्यापेक्षा भारी. तो म्हणतो, कापूस फार झाला म्हणून भाव नाही. म्हणून त्याने शेतकऱ्यांना सांगितलंय, उभी कपाशी नांगरून टाका. जे टाकतील त्यांना सरकार भरपाई देणार."

लोक हसून हसून आडवे झाले. आप्पा हसला नाही. तो उठला आणि त्याने फिटरचा गळा धरला.

"खोटं वाचस?"

"गळा सोड, मग खरं वाचतो."

"उभी कपाशी?"

"उभी."

"पात्या लागेल?"

"पात्या, फुलं, बोंडं. सगळं."

"आनि लोके आयकतस त्यानं?"

"ऐकताहेत. लाखो एकर मोडताहेत."

आप्पाने गळा जरा ढिला केला. "खूप मारस का तो लोकेसले?"

"मारत कशाला? रेडिओवर बोलतो. घरात बसल्यासारखा, गोड बोलतो म्हणे."

आप्पा मटकन खाली बसला. त्याचा पडलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. "न मारता?" तो म्हणाला. "नुसता गोड बोलीसन उभं पीक मोडाले लावस? बापरे. मोठा माणूस शे, भो. भलता मोठा माणूस शे."

त्या दिवसापासून आप्पा त्या माणसाचा झाला. त्याचं नाव त्याला उच्चारता येत नसे, म्हणून "आपला अमेरिकावाला" म्हणायचा. पहाटे उठून शेतात उभा राहायचा, कपाशीकडे पाहायचा आणि माझ्याकडे पाहून म्हणायचा, "त्यानं बरोबर शे. आपन जास्ती पेरस. जास्ती पेरस, म्हनीसन त्यो बूटवाला आपला ढिगवर चढस. तिसरी वळ मोडनी, बठासनी मोडनी, तं तोच बूट काढीसन ई."

मी म्हटलं, "आप्पा, तिकडे सरकार भरपाई देतं."

"त्याना सरकारनं त्याले. आपला साहेब काय देस? शेतसारा मांगस. आपन आपलं करानं."

मारुतीच्या पारावर त्याने गाव गोळा केलं. ठरवून आला होता, मारायचं नाही, गोड बोलायचं, अमेरिकावाल्यासारखं. "मन्हा भाऊसहोन," तो म्हणाला, आणि त्याचा तो गोड आवाज ऐकून पहिल्या रांगेतली माणसं घाबरून मागे सरकली. कुणीतरी म्हणालं, याला झपाटलं. आप्पाने दातओठ खाऊन गोडवा टिकवला. दर तिसरी ओळ मोडायची, सगळ्यांनी मोडायची, हे समजावून सांगितलं. मग मागून एक जण ओरडला, "तुन्हा अमेरिकावाला पैसा देस! तू काय देशी?"

"मी? मी देस ना!" म्हणून आप्पाने त्याला जे द्यायचं ते दिलं. तो मागच्या दोघांना घेऊन पारावरून खाली गेला. मग सभा नीट सुरू झाली. माझा सुजलेला डोळा याच सभेतला. तासाभराने पाराभोवती पागोटी, चपला आणि एक तुटलेली कवळी पडली होती, आणि कळसाडीने एकमताने ठरवलं होतं, की तिसरी ओळ मोडायची.

पण गाव एकटं मोडून काय होणार? शेजारच्या गावचे म्हसावदवाले मजेत पिकवतील आणि आपला वाटाही नेतील. म्हणून आप्पा आम्हाला काठ्या देऊन म्हसावदच्या शिवेवर घेऊन गेला. तेही तयार होते, गोफणी घेऊन. दगड असे आले, की थोडा वेळ ऊन पडलं नाही. आमचे लोक नाल्यात पडले, त्यांचे बाभळीत. रक्त, शिव्या, फाटलेली डोकी, आणि मधोमध आप्पा, कपाळातून धार लागलेली, एका हातात एकाचं मुंडासं, दुसऱ्या हातात दुसऱ्याची मान, दोघांनाही बजावत होता, "पाय देखा रे! त्याना तूर पेरेल शे तठे!"

म्हसावदच्या एका म्हाताऱ्याने लढाई थांबवली. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांनी काठी उंचावली आणि म्हणाले, "आप्पा, तुन्हं आमले पटनं. खरंच पटनं. पन एक सांग. रोपवर पाय पडना म्हनीसन तू जावाईले मारा. तू सोता पीक मोडशी? आमना डोयासमोर मोडीसन दाखाड. तू मोडं, तं बठा म्हसावद मोडी. नही मोडं, तं घरमा बठ आनि आमले बी पेरू दे."

"मोडस!" आप्पा गरजला. "सोमवारले या. नांगर लावस!"

म्हणजे बघा, आता सगळं त्याच्या नांगराच्या एका फेरीवर आलं. तो नांगर चालला तर दोन गावं मोडणार, दोन गावांचं पाहून दहा मोडतील, भाव उठेल, बूटवाला अनवाणी येईल. नाही चालला तर जन्मभर आप्पाला शिवेपलीकडे तोंड दाखवायची सोय नाही. मी वहिनीला विचारलं, "वयनी, तुम्ही काय म्हनतस?"

ती सरकीची टोपली उचलत म्हणाली, "पेरनारी मी."

सोमवारी बांधांवर हीऽ गर्दी. कळसाडी एका बांधावर, म्हसावद समोरच्या. शेतात कोणी पाय टाकला नाही, कारण शेत आप्पाचं. कपाशी मांडीला लागलेली, काळीभोर, पात्या म्हणजे कळ्या लगडलेल्या, वर पांढरी फुलं. त्या साली तालुक्यात तसं पीक नव्हतं. मंदीचं हेच तर. पीक कधी नव्हे इतकं येतं.

आप्पाने चांद्या-हौश्याला नांगराला जुंपलं. कोळपताना बैलांनी पीक खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकी बांधतात. त्याने ती सोडून फेकून दिली. "खा आज!" म्हणाला. बैलांनी त्याच्याकडे पाहिलं. खाल्लं नाही.

मग "हुर्रर्र" केलं आणि जोडी निघाली. सुंदर निघाली. दोन ओळींच्या मधून, एक पान न हलवता. आता, बैल ओळींच्या मधून चालले, की नांगरही मधूनच जातो. ओळ मोडायची तर बैलाने ओळीवर पाय ठेवला पाहिजे. आप्पाने कासरा ओढून जोडी ओळीवर घेतली. चांद्याने खाली पाहिलं आणि बाजूला सरला. पुन्हा ओढली. पुन्हा सरला. नांगर तिरपा धरला, तर फाळ वर आला.

बांधांवर हसू पिकलं. म्हसावदचा एक जण ओरडला, "आप्पा, बैलले अमेरिकानी भाषा सांग!"

"पाय!" आप्पा ओरडला. आता त्याला म्हणायचं होतं, पाय ठेव. पण चाळीस वर्षांची जीभ. "पाय" म्हणताच दोन्ही बैल खाली पाहून जास्तच जपून उभे राहिले. मग त्याने पराणी उलटी केली आणि चांद्याच्या नडगीवर मारली.

चांद्याने तो पाय उचलला, उंच, आणि रिकाम्या जागेत नीट ठेवला.

आप्पाने पुन्हा मारली. चांद्याने पाय पुन्हा उचलला. जोराने मारली, तर अजून उंच. लोक हसत होते ते हळूहळू थांबले. नडगीवर मारणं म्हणजे पाय चुकला, सुधार. हे त्यानेच तर त्या जनावरात भरलं होतं. तो मारत होता, ते सुधारत होतं. पराणी तुटली. नडगीतून रक्त आलं. बाबा समोरच्या बांधावरून ओरडले, "आप्पा, ऱ्हाऊ दे! इळावरी काप, भो!"

"नांगर सांगेल शे त्यानी!" आप्पा ओरडला. "इळा नही! नांगर!" आणि माझ्याकडे वळून, लालबुंद डोळ्यांनी, "भो, त्याना जनावरे कशा चालनात? त्या अमेरिकावालाना? काय करं त्यानी?"

मला काय माहीत? मी बांधावर उभा.

त्याने जुवाची लाकडी शिवळ, हातभर दांडका, उपसली. पुढचं मला वाढवून सांगता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. शिवळ नडगीवर बसली, हाड मोडल्याचा आवाज माझ्या त्या वाऱ्याच्या कानालाही ऐकू आला. चांद्या ओळीवर कोसळला. आणि कोसळल्यावर, तोंडातून फेस येत असताना, त्याने तो मोडका पाय रोपाखालून ओढून आपल्या पोटाखाली घेतला.

आप्पा थांबला. शिवळ हातातून गळली. तो खाली वाकला, दोन्ही हात पुढे करून, जसा वाटी घेऊन वाकायचा तसा. नडगीला हात लावायला. तेवढ्यात हौश्या बिथरला. अर्धं जू मानेवर, रक्ताचा वास नाकात. त्याने डोकं फिरवलं आणि शिंग आप्पाच्या मांडीत मुळापर्यंत घुसलं. उचलला आणि फेकला. आप्पा तीन ओळी ओलांडून कपाशीत उताणा पडला आणि मांडीतून रक्त असं उसळलं, की वरची पांढरी फुलं लाल झाली.

दोन्ही बांध एकदम ओरडले आणि दोन्ही गावं शेतात धावली. मी पुढे होतो.

"पाय!" कपाशीतून आवाज आला. तोच आवाज. "पाय देखा रे! पाय देखा!"

आणि गाव थांबलं. खरं सांगतो, दोन गावं जागच्या जागी थांबली. मग आम्ही ओळी शोधल्या. दोन ओळींच्या मधून, एकामागे एक, पदर आणि धोतर सावरत, खाली बघत आम्ही त्याच्याकडे निघालो. मी चालत होतो. माझ्यामागे म्हसावदचे बाबा चालत होते. कोणी आडवं गेलं नाही. शेत लांब होतं, तो मधोमध पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा आवाज बंद झाला होता, आणि वहिनी आधीच तिथे बसली होती. ती कुठून आली ते कोणी पाहिलं नाही. तिच्या वाटेवरचं एकही रोप वाकलेलं नव्हतं.

तिने वाटी आणली होती. मांडीवर त्याचं डोकं घेऊन कपाळाला चोळत होती. रक्त मांडीतून जात होतं आणि ती कपाळाला चोळत होती.

कोणीही ओळ मोडली नाही. कळसाडीने नाही, म्हसावदने नाही. चांद्याला तिसऱ्या दिवशी पुरलं. हौश्याला वहिनीने विकलं नाही. लोक म्हणाले, माणूस मारणारा बैल ठेवू नये. ती त्याला स्वतः पाणी पाजायची, आणि पुढच्या साली त्याच्याच मागे पाभर धरून तिने पेरलं. मी हौश्याशी तो असेपर्यंत डोळ्याला डोळा देऊन बोललो नाही, आणि मी बिबट्याला भिणारा माणूस नाही.

दिवाळीनंतर मी जिनाकडे गेलो, तर फिटरने हाक मारली. "तुमच्या आप्पाला सांगा," तो म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. "एक गमतीची बातमी आलीय. अमेरिकेत पण खेचरं कपाशीवर पाय ठेवायला तयार नव्हती म्हणे. जन्मभर मार खाऊन शिकलेली. लोकांना मोडायला लावलं त्याने, पण खेचरांपुढे हात टेकले." मी म्हटलं, सांगतो. आणि कडुनिंबाखाली जाऊन बसलो. वर कावळे होते. सगळे शांत.

पण फौजदाराचं सांगायचं राहिलं. तो आप्पा गेला त्याच दिवशी घोड्यावरून आला. शेताच्या कडेला उभा राहून पाहू लागला. कपाशीत मधोमध एक मोकळी जागा, तिथे मेलेला माणूस, मोडका बैल, रक्त. आणि भोवती चारी बाजूंना पीक जसंच्या तसं, जणू माणसं आभाळातून उतरली. त्याला ते काही केल्या पटेना. त्याने आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"किती माणसं होतात तुम्ही?" तो म्हणाला. "दोन गावं! मांडीची शीर तुटलेली. पळत जाऊन कुणी घट्ट फडकं बांधलं असतं तर माणूस वाचला असता. डॉक्टर सोडा, एवढं पोराला कळतं. समोर तुमचा माणूस मरतोय आणि तुम्ही वरातीसारखे चालत गेलात? का? कुणाला तो मरायलाच हवा होता?"

बाबा जमिनीकडे पाहत होते. मी माझ्या पायांकडे पाहत होतो.

"मी विचारतोय! सरळ का नाही धावलात?"

वहिनीने हातातली वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"कपाशी उभी व्हती," ती म्हणाली.